‘बलिदान’, ‘बळी’ आणि साक्ष : केटे कोल्वित्झच्या युद्धविषयक कलाकृती

१

युद्धासंबंधीच्या कलाकृतीला ‘साक्ष’ म्हणण्याचा प्रघात समीक्षेत आता इतका रूढ झाला आहे, की या संज्ञेमागील गृहीतक तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. साक्ष देणारा घटनास्थळी उपस्थित असतो, त्याने घटना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असते आणि पाहिले तसे सांगण्यास तो बांधलेला असतो, ही मुळात न्यायालयातली कल्पना होय. गोयाने आपल्या युद्धविषयक मुद्राचित्रमालेतील एका चित्राखाली ‘हे मी पाहिले’ अशा अर्थाचे शब्द लिहिले, ते या कल्पनेला साजेसेच होते. ओट्टो डिक्स पहिल्या महायुद्धात मशीनगन चालवीत होता. १९२४ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या ‘युद्ध’ या ५० एचिंग्जच्या मालेचा सारा अधिकार खंदकातील त्याच्या प्रत्यक्ष वास्तव्यातून येतो. या दोघांच्या बाबतीत ‘साक्ष’ हा शब्द फारसा न ताणता वापरता येतो.

केटे कोल्वित्झ (१८६७–१९४५) या जर्मन चित्रकर्तीच्या बाबतीत तो तसा वापरता येत नाही. युद्ध चालू असताना तिने रणभूमी पाहिली नाही. डिक्सच्या मालेच्या आदल्याच वर्षी, १९२३ साली, तिची सात वुडकटांची माला प्रसिद्ध झाली. तिचेही नाव ‘युद्ध’ असेच आहे. पण या सात चित्रांत खंदक नाही, तोफ नाही, शत्रू नाही, जखमी सैनिक नाही. एका चित्रात एक नगारा आहे, एवढाच काय तो रणभूमीशी संबंध. बाकी सारी घरी मागे राहिलेली माणसे आहेत : हातांवर अर्भक उचलून धरलेली आई, एकमेकांवर कोसळलेले आईबाप, गरोदर विधवा, पोरांना वेढून बसलेल्या बाया. डिक्सची माला पाहताना प्रेक्षक हादरतो, आणि हादरून जाण्यातच त्याची एक प्रकारे सुटका होते. हे भीषण कृत्य इतरांनी इतरत्र केले, असे मानण्यास त्याला वाव राहतो. कोल्वित्झच्या मालेत ही सुटका नाही. ती का नाही, याचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

आपल्या परंपरेत ‘साक्षी’ या शब्दाला न्यायालयीन अर्थाखेरीज आणखी एक अर्थ आहे. वेदान्तातील साक्षी अकर्ता असतो. तो पाहतो, पण जे घडते त्यात गुंतत नाही. मराठी समीक्षेत कलावंताच्या ‘तटस्थते’विषयी जे लिहिले गेले आहे, त्याच्या तळाशी कळत-नकळत हा साक्षिभाव असतो. कोल्वित्झ या अर्थानेही साक्षी नाही. ती गुंतलेली होती, आणि दुःखात गुंतण्यापूर्वी ती कृत्यात गुंतलेली होती. तिच्यासाठी नेमका शब्द शोधायचा तर तो कोर्टकचेरीच्या मराठीतच सापडतो. गुन्ह्यात सामील असलेला आणि पुढे त्याच गुन्ह्याविषयी जबानी देणारा तो ‘माफीचा साक्षीदार’. कोल्वित्झची जबानी याच जातीची आहे. फरक एवढाच, की तिने माफी मिळविलेली नाही आणि तिच्या कलाकृतींत ती गृहीतही धरलेली नाही.

२

प्रथम एका लोकप्रिय समजाचा निकाल लावणे आवश्यक आहे. कोल्वित्झने मेलेल्या मुलाला कवटाळून बसलेल्या आईची चित्रे महायुद्धाच्या कितीतरी आधी काढली. १९०३च्या ‘मृत मुलासह स्त्री’ या एचिंगमध्ये मांडी घालून बसलेली विवस्त्र स्त्री मुलाच्या निष्प्राण देहात तोंड खुपसून बसली आहे. तिच्या देहाच्या ठेवणीत काहीतरी श्वापदासारखे आहे. या चित्रासाठी तिने आरशासमोर बसून स्वतःलाच रेखाटले, आणि तिच्या हातांत मॉडेल म्हणून होता तिचा सात वर्षांचा धाकटा मुलगा पेटर. अवघडलेल्या स्थितीत ती कण्हली, तेव्हा चित्र चांगलेच होईल असे म्हणून त्या मुलाने तिची समजूत घातली, ही हकीकत तिनेच सांगितली आहे. ‘शेतकऱ्यांचे युद्ध’ या मालेतील १९०७च्या ‘रणभूमी’ या एचिंगमध्ये एक वाकलेली बाई रात्री कंदील घेऊन प्रेतांच्या राशीत फिरते आहे आणि एका तरुणाच्या चेहऱ्याशी तिचा हात थबकला आहे. पुढे १९१४ साली पेटरच रणांगणावर मारला गेला. तेव्हा ही चित्रे म्हणजे आईला लागलेली भविष्याची चाहूल होती, असे अनेकांनी लिहिले.

हे वाचन भावुक आहे, आणि दिशाभूल करणारेही आहे. कोल्वित्झचे पती कार्ल हे बर्लिनच्या कामगारवस्तीत गरिबांचे डॉक्टर होते. त्यांचा दवाखाना आणि तिचे घर एकाच ठिकाणी होते. मुलांची आजारपणे, मृत्यू आणि त्या मृत्यूंसमोर हतबुद्ध झालेल्या आया तिच्या दारात येत होत्या. १८९३ साली गेर्हार्ट हाउप्टमानचे विणकरांच्या उठावावरील नाटक पाहून तिने जी चित्रमाला सुरू केली, तिच्यातही उपासमारीने खंगलेले मूल आहेच. म्हणजे मृत मुलाची प्रतिमा तिला भविष्यातून मिळालेली नव्हती. ती भोवतालच्या जगातून, इतरांच्या शोकातून आलेली होती.

येथे अभिनवगुप्ताची आठवण होणे अपरिहार्य आहे. क्रौंचवधाच्या प्रसंगी जो शोक श्लोकरूप झाला तो मुनीचा स्वतःचा शोक मानू नये, असे त्याने ‘लोचना’त बजावले आहे. मुनी स्वतःच दुःखाने विव्हळ झाला असता, तर रसाची शक्यताच उरली नसती. वैयक्तिक शोक माणसाला आपल्याच ठायी खिळवून ठेवतो, त्याचे साधारणीकरण होत नाही. १९०३ आणि १९०७ची चित्रे या सिद्धांताला तंतोतंत उतरतात. मॉडेल आपले, देह आपला, पण शोक आपला नव्हे. आणि म्हणूनच त्याला इतका निर्वेध आकार देता आला. ही चित्रे कौशल्याच्या दृष्टीने कोल्वित्झच्या सर्वोत्तम कृतींत मोडतात याबद्दल दुमत नसावे.

प्रश्न १९१४ नंतर सुरू होतो. शोक स्वतःचा झाला, आणि त्यानंतर आठ वर्षे ‘युद्ध’ माला तिच्या हातून पुरी होईना. पेटरच्या स्मारकाला तर तब्बल १८ वर्षे लागली. अभिनवगुप्ताचा अनुयायी म्हणेल, की हे व्हायचेच होते. स्वतःच्या शोकापासून अंतर निर्माण होईपर्यंत कलाकृती शक्य नव्हती. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कारण तिला छळणारी गोष्ट शोक एवढीच नव्हती.

३

ऑगस्ट १९१४मध्ये पेटर १८ वर्षांचा होता. त्याच्या वयाच्या तरुणांना अजून बोलावणे आलेले नव्हते, आणि स्वयंसेवक म्हणून जायचे तर वडिलांची संमती आवश्यक होती. कार्लने ती नाकारली. त्या दिवशीच्या प्रसंगाची कोल्वित्झने दैनंदिनीत केलेली नोंद विलक्षण संयत आहे. मुलाने तिच्याकडे शब्दाने काही मागितले नाही, केवळ पाहिले. ती उठली, आणि तिने पतीपाशी मुलासाठी रदबदली केली. संमती मिळाली. २२ ऑक्टोबरच्या रात्री बेल्जियममधील फ्लँडर्स भागात पेटर मारला गेला. तो निघण्याच्या सुमाराची एक नोंद आहे : जणू मुलाची नाळ दुसऱ्यांदा कापली जात आहे, पहिल्यांदा ती जगण्यासाठी कापली होती, आता मरणासाठी.

ही संमती म्हणजे एका दुबळ्या क्षणाची चूक होती, असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही. घरात मुक्त धर्मविचाराचा आणि समाजवादाचा वारसा असलेल्या, सम्राटाच्या रोषामुळे १८९८ साली सुवर्णपदकाला मुकलेल्या या स्त्रीला त्यागाच्या कल्पनेचे खोल आकर्षण होते. मुलगा गेल्यानंतरही ते लगेच ओसरले नाही. डिसेंबर १९१४मध्ये तिने स्मारकाचे पहिले टिपण केले ते तरुण स्वयंसेवकांच्या बलिदानाचा गौरव करण्यासाठी. आणि १९१६ साली युद्धाविषयी तिची धारणा बदलू लागली, तेव्हा तिच्यापुढे एक भयंकर पेच उभा राहिला : या युद्धात मला आता निव्वळ वेडेपणा दिसतो, असे मी म्हटले तर ती पेटरशी प्रतारणा ठरेल काय? तो ज्या श्रद्धेने गेला ती खोटी ठरविली तर त्याचा मृत्यू निरर्थक ठरतो. खरी मानली तर आणखी मुलगे मारले जातात. युद्धविरोधी भूमिकेची किंमत येथे मुलाच्या मृत्यूच्या अर्थाने मोजावी लागते. दैनंदिन्यांची समग्र आवृत्ती १९८९ साली प्रसिद्ध झाल्यापासून या पेचाचा माग वर्षानुवर्षाच्या नोंदींतून सलगपणे काढता येतो, आणि ‘शांततावादी माता’ ही तिची सोपी प्रतिमा त्यापुढे टिकत नाही.

ऑक्टोबर १९१८मध्ये, पराभव दिसत असतानाही, रिखार्ड डेमेल या कवीने स्वयंसेवकांनी पुढे यावे असे आवाहन वृत्तपत्रातून केले. कोल्वित्झने त्याला जाहीर उत्तर दिले : पुरेसे मेले आहेत, आता एकानेही पडू नये. पत्राच्या अखेरीस तिने गटेचे, बियाण्याचा दाणा दळला जाऊ नये असे सांगणारे वचन घातले. हा तिचा निर्णय झाला. पण वृत्तपत्रातील पत्र ही एक गोष्ट आणि चित्र ही दुसरी. पत्रात भूमिका घेता येते, चित्रात त्या भूमिकेपर्यंतचा सारा रस्ता यावा लागतो. ‘युद्ध’ मालेसाठी तिने आधी एचिंग करून पाहिले, मग लिथोग्राफ. दोन्हींनी समाधान झाले नाही. १९२० साली एर्न्स्ट बार्लाखचे वुडकट तिच्या पाहण्यात आले आणि वाट सापडली. एचिंगमध्ये रेषेला सूक्ष्म छटा देता येतात, आणि अशा छटांत शोकही एक प्रकारे रमणीय होतो. लाकडावर मात्र कापून काढलेले ते पांढरे आणि न कापलेले ते काळे. मधले फारसे काही उरत नाही. ‘युद्ध’ मालेत काळोख आधी आहे, माणसे त्यातून कशीबशी कोरून काढलेली आहेत.

मालेतील पहिल्या चित्राचे नाव ‘दास ओप्फर’. या शीर्षकाचा मराठी अनुवाद करताना अडचण येते, आणि ही अडचणच या चित्राच्या गाभ्याशी नेणारी आहे. जर्मन भाषेत ‘ओप्फर’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात : कुणी स्वेच्छेने केलेला त्याग, आणि ज्याच्यावर आघात झाला तो. मराठीत या दोहोंसाठी ‘बलिदान’ आणि ‘बळी’ असे वेगळे शब्द आहेत. बलिदान केले जाते; बळी जातो, किंवा घेतला जातो, किंवा दिला जातो. या तिसऱ्या, प्रयोजक रूपाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. ‘बळी देणे’ यात देणारा एक असतो आणि जाणारा दुसरा. बलिदानातला ‘दान’ हा शब्द या दुसऱ्याला झाकून टाकतो. आपल्या वीररसाच्या वर्गीकरणात युद्धवीराच्या शेजारी दानवीराला स्थान आहे. पण दान म्हणून जे दिले जाते त्याला काय वाटले, हे शास्त्र विचारीत नाही.

चित्रात एक विवस्त्र स्त्री आपले तान्हे मूल दोन्ही हातांनी पुढे, वर उचलून धरते आहे. तिच्याभोवती काळ्या वस्त्राची कमान आहे; एखाद्या गर्भाशयासारखी किंवा उघडलेल्या थडग्यासारखी ती वाटते. स्त्रीचे डोळे मिटलेले आहेत. हिसकावून घेणारा कोणीही चित्रात नाही. राजा नाही, सेनापती नाही, मृत्यूचा सांगाडाही नाही. येथे एक तपशील निर्णायक आहे : मारला गेला तो १८ वर्षांचा तरुण होता, स्वतःच्या इच्छेने गेलेला, चित्रातले मूल मात्र तान्हे आहे. तान्ह्या मुलाला इच्छा नसते, ते स्वयंसेवक होऊ शकत नाही. मुलाचे वय खाली आणून कोल्वित्झने ‘तो आपण होऊन गेला’ हा बचाव स्वतःपासून काढून घेतला आहे. उरतात ते फक्त देणारे हात. ‘ओप्फर’मधल्या बलिदानाकडून बळीकडे जाण्याचा सारा प्रवास या एका बदलात झालेला आहे.

दुसरे चित्र ‘स्वयंसेवक’. मृत्यू नगारा वाजवीत पुढे चालला आहे आणि तरुणांची रांग उन्मादाने, उघड्या तोंडांनी त्याच्यामागे ओढली जाते आहे. मृत्यूच्या अगदी लगतचा तरुण तो पेटर, असे मानले जाते. पहिल्या चित्राशेजारी ठेवून पाहिले तरच या चित्राचे वजन कळते. येथे आई नाही. तिचा भाग आधीच्या पानावर संपलेला आहे.

मालेतील सर्वच चित्रे या उंचीची नाहीत. ‘माता’ हे चित्र सर्वांत लोकप्रिय आहे : एकमेकींना वेढून बसलेल्या बायांचा घट्ट पुंजका आणि त्यांच्या हातांच्या फटींतून डोकावणारी मुले. आधीच्या एका आवृत्तीत कोल्वित्झने स्वतःला आपल्या दोन मुलांसह रेखाटले होते, आणि मेलेल्या पेटरला अशा रीतीने पुन्हा कुशीत घेतल्याचे समाधान दैनंदिनीत नोंदविले आहे. या समाधानाचा आदर राखूनही असे म्हणावेसे वाटते, की येथे आई पूर्णतः निर्दोष झाली आहे. धोका सगळा वर्तुळाबाहेर आहे. १९२४चे ‘पुन्हा युद्ध नको’ हे हात उंचावलेल्या तरुणाचे भित्तिपत्रक तर जगभर पोचले, पण ती घोषणा आहे, आणि तिला घोषणेचाच न्याय लावावा. साक्षीदार जेव्हा स्वतःला वगळतो, तेव्हा जबानीतील आवेश वाढतो आणि विश्वासार्हता त्या प्रमाणात वाढत नाही, असा काहीसा अनुभव या दोन कृती देतात.

४

स्मारकाचा इतिहास हा वगळत जाण्याचा इतिहास आहे. मूळ आराखड्यात पेटरचा आडवा देह मध्यभागी होता, उशाशी वडील आणि पायथ्याशी आई. बर्लिनजवळ, हाफेल नदीकाठच्या उंचवट्यावर ते उभारावे अशी कल्पना होती. अनेक वर्षे तिने मुलाच्या आकृतीवर काम केले. १९१९ साली ते थांबविले. १९२०च्या दशकाच्या मध्यावर पुन्हा हाती घेतले तेव्हा मुलाची आकृती गेलेली होती. उरले गुडघे टेकलेले दोन म्हातारे. १९३२च्या उन्हाळ्यात बेल्जियन ग्रॅनाइटमधील हे दोन पुतळे रोगेवेल्डे येथील जर्मन सैनिकी दफनभूमीत बसविण्यात आले. पुढे १९५०च्या दशकात तेथील अवशेष व्लाडस्लो येथे हलविले गेले तेव्हा पुतळेही तेथे नेण्यात आले. आज त्यांच्यासमोर २५ हजारांहून अधिक सैनिक विसावले आहेत, आणि बापाच्या पुतळ्यासमोरील शिळेवर इतर नावांबरोबर पेटरचेही नाव आहे.

मुलाची आकृती काढून टाकणे हे साधारणीकरणाचे शास्त्रशुद्ध उदाहरण म्हणून दाखविता येईल. एकाचा मुलगा गेला आणि जागा मोकळी झाली. आता समोरच्या प्रत्येक थडग्यातला मुलगा तेथे येऊ शकतो. पण मग आईबापांचे चेहरेही सामान्य व्हावयास हवे होते. तसे झालेले नाही. आईचा चेहरा कोल्वित्झचा आहे, बापाचा कार्लचा. शोकाचे आलंबन सर्वसाधारण झाले आणि आश्रय मात्र नावानिशी विशिष्ट राहिला, ही रचना रससिद्धांताच्या चौकटीत सहजी बसत नाही. तिचे स्पष्टीकरण एकच संभवते. शोक वाटून घेता येतो, तो कोणाचाही होऊ शकतो; जबाबदारी मात्र अशी वाटून देता येत नाही. ‘आईबापांनी मुलगे दिले’ हे विधान आहे, ‘आम्ही दिला’ ही कबुली आहे. चेहरे ठेवून कोल्वित्झने कबुली राखली. हे गुडघे टेकणे मृतांना केलेले अभिवादन आहे असे तेथील यात्रेकरूंना वाटत असेल; मला ते क्षमायाचनेच्या अधिक जवळचे वाटते.

आणखी एका तपशिलाकडे समीक्षकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘युद्ध’ मालेतील ‘आईबाप’ या वुडकटात पतिपत्नी एकमेकांत इतकी मिसळून गेली आहेत, की काळ्या डोंगरासारखा एकच आकार दिसतो. स्मारकात मात्र दोन पुतळे, दोन स्वतंत्र चौथरे, मध्ये मोकळी जागा. बाप ताठ, दोन्ही हातांनी स्वतःलाच आवळून, समोर पाहतो आहे. आई पुढे वाकली आहे, तिची मान खाली आहे. जो नाही म्हणाला होता तो समोर पाहू शकतो. जिने रदबदली केली ती पाहू शकत नाही. हे वाचन पुतळ्यांवर बाहेरून लादलेले आहे असा आक्षेप कोणी घेईल. पण मुलाच्या मृत्यूनंतर पतिपत्नींना एकमेकांच्या कुशीत दाखविणे सोपे असते, आणि ते तिने एकदा करून पाहिले होते. नऊ वर्षांनी तिने ते नाकारले. हे नाते पुढे आणखी आठ वर्षे, १९४०मध्ये कार्लच्या मृत्यूपर्यंत टिकले. पुतळ्यांमधील अंतर म्हणजे दुरावा नव्हे. एकाच दुःखाचे दोन हिशेब असू शकतात आणि तरीही माणसे शेजारी गुडघे टेकून बसू शकतात, हे प्रेमाविषयीचे तिचे सर्वांत प्रौढ विधान मला या मोकळ्या जागेत दिसते. पुतळे बसविल्यावर ती त्या स्त्रीसमोर उभी राहिली, तिच्या ठायी आपलाच चेहरा पाहून रडली आणि तिने त्या दगडी गालांवरून हात फिरविला. कार्ल तिच्या मागे उभा होता. ही नोंद तिचीच आहे.

१९३३ साली नाझी राजवटीने तिला प्रशियन कला अकादमीतून बाहेर पडण्यास भाग पाडले आणि नंतर तिचे काम लोकांसमोर येणे बंद झाले. शेवटची लिथोग्राफ १९४१-४२च्या सुमाराची. तिने डेमेलला लिहिलेल्या पत्रातील बियाण्याचे वचनच या चित्राचे नाव आहे. एक वृद्ध स्त्री आपल्या मोठ्या हातांखाली तीन पोरांना दाबून धरते आहे, आणि पोरांना मात्र बाहेर निसटण्याची घाई झालेली आहे. त्यांच्या चेहऱ्यांवर कुतूहल आहे, खट्याळपणा आहे, भीती नाही. ‘माता’मध्ये जे राहून गेले होते ते येथे आले आहे. पोरांची ओढ बाहेरच आहे, आणि संरक्षण म्हणजे त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना धरून ठेवणे आहे. १९१४ साली जे करावयास हवे होते ते हात येथे करीत आहेत. सप्टेंबर १९४२मध्ये तिचा नातू रशियाच्या आघाडीवर मारला गेला. त्याचेही नाव पेटर होते.

५

कोल्वित्झच्या कलाकृतींचे मरणोत्तर काय झाले, हा भाग वरील विवेचनाची एक कसोटी ठरू शकतो. १९३७ साली, पेटरच्या मृत्युदिनाच्या सुमारास, तिने एका लहान शिल्पावर काम चालल्याची नोंद केली आहे. बसलेल्या वृद्ध स्त्रीच्या मांड्यांमध्ये मेलेला मुलगा अंग आक्रसून पडला आहे. त्याला ‘पिएता’सारखे काही रूप आले, पण ते धार्मिक नाही, आणि ही आई आता दुःखापेक्षा विचारात बुडालेली आहे, असे तिचे म्हणणे होते. शिल्पाची उंची सुमारे ३८ सेंटिमीटर. एका माणसाने टेबलाशी बसून पाहावे एवढी.

नोव्हेंबर १९९३मध्ये, जर्मनीच्या एकीकरणानंतर, बर्लिनमधील ‘नॉये वाखे’ या शिंकेलने बांधलेल्या जुन्या पहारा-इमारतीत या शिल्पाची चौपट मोठी प्रतिकृती राष्ट्रीय स्मारक म्हणून बसविण्यात आली. चॅन्सेलर हेल्मुट कोल यांचा तो आग्रह होता. समोरच्या जमिनीवर जे शब्द आहेत त्यांचा अर्थ, ‘युद्ध आणि जुलमी राजवट यांच्या ओप्फरांस’. तोच शब्द. १९२३च्या वुडकटात ज्या शब्दातील दोन अर्थ कोल्वित्झने सोलून वेगळे केले होते, ते ७० वर्षांनी तिच्याच शिल्पासमोर पुन्हा एकत्र बांधले गेले. आघाडीवर पडलेला सैनिक, बॉम्बहल्ल्यात गेलेला नागरिक, आणि छळछावणीत मारला गेलेला ज्यू हे सारे एकाच शब्दाखाली आले. मारणारा कोण, हा प्रश्न त्या वाक्यात मावतच नाही. इतिहासकार राइनहार्ट कोझेलेक यांनी यावर कठोर टीका केली. मुलाचे प्रेत मांडीवर घेतलेली माता ही ख्रिस्ती प्रतिमा आहे, तिच्यात ज्यूंना स्थान नाही. आणि शोक करणारी स्त्री दाखविल्याने स्वतः मारल्या गेलेल्या असंख्य स्त्रिया अदृश्य होतात, असा त्यांचा आक्षेप होता. वादानंतर प्रवेशद्वाराशी बळींच्या गटांचा नामनिर्देश करणारा फलक लावण्यात आला. शिल्पाला जे सांगता येईना ते फलकाने सांगावे, अशी ही तडजोड.

कोझेलेक यांच्या आक्षेपांत तथ्य आहे, पण त्यांचा रोख प्रतिमेवर आहे, आणि मला दोष प्रतिमेच्या वापरात अधिक दिसतो. साधारणीकरण आणि सरसकटीकरण यांत जो फरक आहे तो येथे ठळकपणे उघड होतो. व्लाडस्लो येथे मृत मुलगा सर्वांचा झाला आणि देणारे हात नावानिशी उरले. बर्लिनमध्ये आई सर्वांची झाली आणि तिच्याबरोबर देणाऱ्यांचे हातही सर्वांचे, म्हणजे कोणाचेच नाहीत, असे झाले. राज्यसंस्थेला शोक करणारी माता नेहमीच हवी असते. आपल्याकडील ‘वीरमाता’ हा शब्दही याच गरजेतून आला आहे. सत्काराची शाल खांद्यावर पडली, की त्या बाईने काही विचारण्याचा प्रसंग उरत नाही. कोल्वित्झला हा मान तिच्या हयातीत कोणी देऊ केला असता, तर १९१४ साली तिने तो कदाचित स्वीकारला असता. १९३२ साली नाही.

रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांना सौंदर्यविचाराचे दोन ध्रुव मानले आहे. साक्ष ही संकल्पना लौकिक ध्रुवाकडे ओढली जाणारी आहे, म्हणून कलास्वायत्ततेचा आग्रह धरणाऱ्यांनी तिच्याकडे संशयाने पाहिले, आणि बांधिलकीवाल्यांनी ती प्रत्यक्षदर्शी अनुभवाशी जखडून टाकली. मराठीत ‘अनुभवाची अस्सलता’ हा निकष गेली काही दशके ज्या रीतीने वापरला जात आहे, त्यात सोसणाऱ्याच्या अनुभवाला अधिकार मिळाला, हे योग्यच झाले. पण सामील असलेल्याच्या अनुभवाचे काय, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच आला. सोसणारा आणि सामील असलेला एकाच देहात असू शकतात, आणि तेव्हा रूपाचा, माध्यमाचा, आकृती ठेवण्या-काढण्याचा प्रत्येक निर्णय जबानीचाच भाग होतो, हे कोल्वित्झच्या लाकडी ठशांवरून आणि त्या दोन पुतळ्यांवरून दिसते. एचिंग सोडून वुडकटकडे वळणे, तरुणाच्या जागी तान्हे मूल आणणे, मुलाची आकृती वगळणे, दोन पुतळ्यांत अंतर ठेवणे : यांतला एकही निर्णय ‘केवळ रूपाचा’ म्हणून बाजूला काढता येत नाही, आणि तिच्या चरित्रावरूनही तो थेट सिद्ध करता येत नाही.

‘दास ओप्फर’चे शीर्षक मराठीत कसे द्यावे, हे मात्र अजून ठरवावयाचे आहे. उपलब्ध इंग्रजी अनुवादांतील ‘सॅक्रिफाइस’ या शब्दावरून आपल्याकडे ‘बलिदान’ असे केले जाईल, आणि व्याकरणदृष्ट्या ते चुकीचे ठरणार नाही. ‘बळी’ म्हणावे तर आई चित्राबाहेर जाते. ‘दिलेला बळी’ हे ऐकण्यास बरे वाटत नाही. पण चित्रातल्या त्या दोन हातांकडे पाहिले, की दुसरे काही सुचत नाही.